दोन दुकानं, तीस टक्के: अ‍ॅप बाजारातल्या स्पर्धेच्या कायद्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या सिनेटमध्ये २०२१ साली मोबाइलवरच्या मोठ्या अ‍ॅप दुकानांना नियम घालणारं ‘ओपन अ‍ॅप मार्केट्स अ‍ॅक्ट’ नावाचं विधेयक मांडलं गेलं. ते मंजूर झालं नाही, पण विस्मरणातही गेलं नाही. जून २०२५ मध्ये ते पुन्हा सिनेटमध्ये आलं. मधल्या काळात दक्षिण कोरिया, युरोपीय संघ आणि जपानने आपापले कायदे केले आणि भारतात स्पर्धा आयोगाने गूगलला दंड ठोठावले. मी एका छोट्या गटात अ‍ॅप बनवण्याचं काम करतो. या विषयावर मित्र, ग्राहक आणि कायद्याचे विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

हे विधेयक आहे तरी काय?

११ ऑगस्ट २०२१ रोजी रिचर्ड ब्लूमेंथल, मार्शा ब्लॅकबर्न आणि एमी क्लोबुशार या तीन सिनेटरांनी ते मांडलं. ब्लॅकबर्न रिपब्लिकन, बाकीचे दोघं डेमोक्रॅट. एरवी एकमेकांविरुद्ध मतदान करणारी ही मंडळी या एका मुद्द्यावर एकत्र आली. पाठोपाठ प्रतिनिधिगृहातही तसंच विधेयक आलं आणि तिथेही दोन्ही पक्षांचे सदस्य सोबत होते.

विधेयक लागू होतं ते अमेरिकेत ५ कोटींहून जास्त वापरकर्ते असलेल्या अ‍ॅप दुकानांच्या मालकांना. त्यात कोणत्याही कंपनीचं नाव नाही. पण मोबाइलच्या जगात एवढी गिऱ्हाइकी असलेली दुकानं कोणती हे सांगायला नको: अ‍ॅपलचं अ‍ॅप स्टोअर आणि गूगलचं प्ले स्टोअर.

दुकान त्यांचं, नियम त्यांचे. यात सरकारने का पडायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि तो रास्त आहे. गावात दहा किराणा दुकानं असतील तर एकाने भाव चढवला की आपण दुसऱ्याकडे जातो. तिथे सरकारचं काही काम नाही. आयफोनवर मात्र जुलै २००८ पासून एकच दुकान आहे. सुरू झालं तेव्हा त्यात सुमारे ५०० अ‍ॅप होती. पुढे लाखो झाली, पण दुकान एकच राहिलं. युरोप आणि जपानमध्ये कायद्याने भाग पाडलं तेव्हा कुठे दुसऱ्या दुकानाला आयफोनवर जागा मिळाली.

अँड्रॉइडवर दुसऱ्या दुकानांना बंदी नव्हती. पण फोन विकत घेतला की प्ले स्टोअर आधीच पहिल्या पानावर असतं. दुसरं दुकान टाकायला गेलं की इशाऱ्यांच्या खिडक्या उघडत जातात, आणि बहुतेक लोक दुसऱ्या खिडकीपाशीच माघार घेतात. त्यात आपल्यासारखं अ‍ॅप बनवणाऱ्याला दोन्हीकडे असावंच लागतं. आयफोनवाली गिऱ्हाइकं सोडून देतो असं म्हणायची सोय नाही. त्यामुळे या दोन कंपन्या एकमेकींशी फोन विकण्यात स्पर्धा करतात, पण अ‍ॅपवाल्याकडून किती घ्यायचं यात त्यांच्यात चुरस नाही. दोघींनी वर्षानुवर्षं अ‍ॅपमधल्या विक्रीतले ३० टक्केच घेतले.

अ‍ॅपलमध्येच २०११ साली फिल शिलर या वरिष्ठ अधिकाऱ्याने सहकाऱ्याला लिहिलेला एक ईमेल पुढे न्यायालयात उघड झाला. हा ७०-३० चा वाटा कायमचा टिकेल का, असा त्यांचा प्रश्न होता. नफा वर्षाला १ अब्ज डॉलरवर गेला की दर २५ किंवा २० टक्क्यांवर आणता येईल, असंही त्यांनी सुचवलं होतं. स्पर्धा असती तर त्या प्रश्नाचं उत्तर बाजारानेच दिलं असतं.

हे ३० टक्के नेमके कशावर? मी अ‍ॅपवरून जेवण मागवतो, त्यावरही?

नाही. जेवण, रिक्षा, कपडे, रेल्वेचं तिकीट, म्हणजे फोनच्या बाहेर मिळणाऱ्या वस्तू आणि सेवांवर हे कमिशन नाही. ते लागतं अ‍ॅपच्या आत विकल्या जाणाऱ्या डिजिटल मालावर: खेळातली नाणी, गोष्टींच्या अ‍ॅपची वर्गणी, लग्न जमवणाऱ्या अ‍ॅपची सदस्यता, ऑनलाइन शिकवणीचा कोर्स.

ही सीमारेषाच मला सगळ्यात खटकते. पुण्यातल्या शिक्षिकेने घरी येऊन शिकवलं आणि त्याची फी अ‍ॅपवर घेतली तर कमिशन शून्य. तिनेच तो धडा ध्वनिमुद्रित करून अ‍ॅपमध्ये विकला की कमिशन सुरू. दुकानाला दोन्ही वेळी खर्च जवळपास तेवढाच येतो.

पण छोट्या डेव्हलपरना तर १५ टक्केच द्यावे लागतात ना?

बरोबर. वर्षाला १० लाख डॉलरच्या आत कमाई असलेल्यांसाठी अ‍ॅपलने १ जानेवारी २०२१ पासून दर १५ टक्के केला. गूगलने १ जुलै २०२१ पासून पहिल्या १० लाख डॉलरवर तोच दर लावला. ही सवलत खरी आहे, आमच्यासारख्यांना ती उपयोगी पडली आहे आणि ते मान्य केलं पाहिजे.

पण ती आली कधी ते पाहा. जुलै २०२० मध्ये चार बड्या कंपन्यांचे प्रमुख अमेरिकी संसदीय उपसमितीपुढे साक्षीला बसले, ऑगस्टमध्ये फोर्टनाइट हा खेळ बनवणाऱ्या एपिक गेम्स या कंपनीने खटला भरला, ऑक्टोबरमध्ये उपसमितीचा सुमारे साडेचारशे पानी अहवाल आला आणि नोव्हेंबरमध्ये अ‍ॅपलने सवलत जाहीर केली. बारा वर्षं जो मूळ दर हलला नव्हता तो चार महिन्यांत हलला. कायद्याचं नुसतं सावट पडल्याने एवढं झालं.

विधेयकात कशाकशाला मनाई आहे?

पहिली गोष्ट पैशांची. आमच्या दुकानात अ‍ॅप ठेवायचं असेल तर आमचीच पेमेंट यंत्रणा वापरा, अशी अट घालता येणार नाही. दुसरीकडे स्वस्त विकलं म्हणून अ‍ॅपवर कारवाई करता येणार नाही.

दुसरी गोष्ट बोलण्याची, आणि मला ती पैशांइतकीच मोठी वाटते. आज अ‍ॅपवाला आपल्याच गिऱ्हाइकाला ‘आमच्या वेबसाइटवर हीच वर्गणी कमी पैशांत मिळते’ असं अ‍ॅपमध्ये सांगू शकत नाही, किंवा अलीकडेपर्यंत शकत नव्हता. आमचं एक अपडेट एका दुकानाने चार दिवस अडवून ठेवलं होतं, कारण मदतीच्या पानावर वेबसाइटचा पत्ता आणि ‘वर्गणीसाठी इथे या’ एवढी एक ओळ होती. ती काढल्यावर अपडेट तासाभरात मंजूर झालं. ज्यांना आपण सेवा देतो त्यांच्याशी सरळ बोलायची सोय नसणं ही साधी गैरसोय नाही. विधेयक म्हणतं की रास्त सवलतींबद्दल गिऱ्हाइकाशी बोलण्यापासून डेव्हलपरला अडवता येणार नाही.

तिसरी गोष्ट फोनच्या मालकाच्या, म्हणजे तुमच्या हक्काची. दुसऱ्या दुकानातून किंवा थेट अ‍ॅप टाकता आलं पाहिजे, आवडतं अ‍ॅप डीफॉल्ट, म्हणजे आपोआप उघडणारं, म्हणून निवडता आलं पाहिजे, आधीपासून कोंबलेली अ‍ॅप काढता किंवा लपवता आली पाहिजेत.

चौथी गोष्ट कमी बोलली जाते. दुकानाला सगळ्या अ‍ॅपची आतली माहिती दिसते: कोणतं अ‍ॅप किती विकलं जातं, लोक त्यात काय करतात. ही जाहीर नसलेली माहिती वापरून त्याच अ‍ॅपशी टक्कर देणारं स्वतःचं अ‍ॅप काढायला विधेयकात मनाई आहे. शोधाच्या यादीत स्वतःचं अ‍ॅप विनाकारण वर आणायलाही मनाई आहे.

नियम मोडला तर?

सरकारी यंत्रणा कारवाई करू शकतात आणि नुकसान झालेला डेव्हलपर स्वतःही दावा लावू शकतो. ही दुसरी तरतूद महत्त्वाची आहे, कारण सरकारी खात्याला वेळ होईपर्यंत छोटं अ‍ॅप बंद पडलेलं असतं.

इतकं चांगलं विधेयक होतं तर मंजूर का झालं नाही?

३ फेब्रुवारी २०२२ रोजी सिनेटच्या न्यायविषयक समितीने ते २० विरुद्ध २ मतांनी पुढे पाठवलं. वॉशिंग्टनमध्ये असं बहुमत सहसा दिसत नाही. त्यानंतर मात्र ते सिनेटच्या सभागृहात मतदानाला आणलंच गेलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये त्या काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, मुदत संपली आणि विधेयकही संपलं.

कंपन्यांचा विरोध जोरदार होता. एप्रिल २०२२ मध्ये अ‍ॅपलचे प्रमुख टिम कुक यांनी वॉशिंग्टनमधल्या खासगीपणावरच्या परिषदेत सांगितलं की बाहेरून अ‍ॅप टाकायला भाग पाडलं तर वापरकर्त्यांची माहिती धोक्यात येईल. राज्य पातळीवरही असंच घडलं होतं. नॉर्थ डकोटाच्या सिनेटने फेब्रुवारी २०२१ मध्ये अशाच स्वरूपाचं विधेयक ३६ विरुद्ध ११ मतांनी फेटाळलं. अ‍ॅरिझोनात ते कनिष्ठ सभागृहात मंजूर झालं आणि वरच्या सभागृहात मतदानाविनाच विरलं.

सुरक्षिततेची भीती खोटी आहे का? माझ्या आईला व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिकेची फाइल आली होती, उघडली असती तर खातं रिकामं झालं असतं.

भीती अजिबात खोटी नाही, आणि हा प्रश्न उडवून लावणाऱ्यांशी माझं पटत नाही. लग्नपत्रिका, वाहतुकीचं ई-चलान, बँकेचं केवायसी अशा नावांनी एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइडवर थेट टाकता येणारं अ‍ॅप, पाठवून लोकांची आयुष्यभराची पुंजी लुटली जाते. महाराष्ट्रातले सायबर पोलीस याबद्दल सतत सावध करत असतात. आईला सांगा: व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल उघडायची नाही, पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी. भावाचा फोनही हॅक झालेला असू शकतो.

पण इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. अनोळखी माणसाने पाठवलेली फाइल वेगळी, आणि स्वतःची तपासणी असलेलं, नाव-पत्ता असलेलं दुसरं दुकान वेगळं. मोबाइल बँकिंग असुरक्षित होईल म्हणून देशात एकच बँक ठेवा, असं कोणी म्हणत नाही. आपण बँकांना परवाने देतो आणि त्यांच्यावर नियम लावतो.

एकच दुकान म्हणजे सुरक्षितता, हेही खरं नाही. झटपट कर्ज देऊन नंतर फोटो आणि फोनमधले नंबर वापरून छळणारी अ‍ॅप आठवतात? त्यातली कितीतरी अधिकृत दुकानातूनच आली होती. सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या काळात गूगलने प्ले स्टोअरवरून अशी २,२०० हून अधिक अ‍ॅप हटवली, अशी माहिती तत्कालीन अर्थ राज्यमंत्री डॉ. भागवत कराड यांनी संसदेत दिली होती. हटवली हे चांगलंच झालं. पण तोवर ती त्या दुकानात होती.

विधेयकातही सुरक्षिततेला जागा आहे. एखादा निर्बंध खासगीपणा किंवा सुरक्षेसाठी गरजेचा आहे, तो गरजेपुरताच आहे, आपल्या अ‍ॅपलाही तो तसाच लागू केला आहे, हे कंपनीने दाखवून दिलं तर तिला मोकळीक आहे. सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची. सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी जानेवारी २०२२ मध्ये सिनेट समितीला पत्र लिहून, या विधेयकाने वापरकर्ते असुरक्षित होतील हा दावा खोडून काढला होता.

न्यायालयंच निकाल देत आहेत, मग कायदा कशाला?

एपिक गेम्सची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण उत्तर तिच्यातच आहे.

१३ ऑगस्ट २०२० रोजी एपिकने फोर्टनाइट या खेळात स्वतःची पेमेंट व्यवस्था घातली. त्याच दिवशी तो दोन्ही दुकानांतून काढला गेला आणि एपिकने दोघांवर खटले भरले. अ‍ॅपलविरुद्धच्या खटल्यात न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेस रॉजर्स यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये दहापैकी नऊ मुद्द्यांवर अ‍ॅपलच्या बाजूने निकाल दिला. एकच मुद्दा एपिकला मिळाला: अ‍ॅपमधून बाहेरच्या पेमेंटची लिंक द्यायला अ‍ॅपल मनाई करू शकत नाही. अपिलं होत होत जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात पडायला नकार दिला आणि आदेश लागू झाला.

मग अ‍ॅपलने लिंकला परवानगी दिली, पण तिच्यावरून झालेल्या विक्रीवर २७ टक्के कमिशन लावलं. त्यात पेमेंट गेटवेचे, म्हणजे ऑनलाइन पैसे गोळा करून देणाऱ्या मध्यस्थाचे, दोन-तीन टक्के मिळवा. बेरीज पुन्हा ३० च्या घरात. कोण कशाला लिंक देईल? ३० एप्रिल २०२५ रोजी त्याच न्यायाधीशांनी अ‍ॅपलने आदेशाचा जाणूनबुजून अवमान केल्याचं ठरवलं, एका वित्त अधिकाऱ्याने शपथेवर खोटं सांगितल्याचं नोंदवलं आणि प्रकरण सरकारी वकिलांकडे पाठवलं. मे २०२५ मध्ये फोर्टनाइट अमेरिकेतल्या आयफोनवर परतला. जवळपास पाच वर्षांनी.

गूगलविरुद्धचा खटला ज्यूरीपुढे चालला आणि डिसेंबर २०२३ मध्ये ज्यूरीने गूगलला दोषी धरलं. म्हणजे तोच फिर्यादी, जवळपास तीच तक्रार, आणि दोन खटल्यांत दोन दिशांचे निकाल. एपिकच्या तिजोरीत पैसा होता म्हणून ती पाच वर्षं लढली. नाशिक किंवा कोल्हापुरातल्या चार जणांच्या कंपनीला पाच महिनेही लढता येणार नाही. म्हणून कायदा हवा, जो आधीच सांगेल की काय चालेल आणि काय नाही.

ज्या देशांनी कायदा केला तिथे भाव उतरले का?

दक्षिण कोरियाने सगळ्यात आधी केला. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तिथल्या संसदेने दूरसंचार कायद्यात दुरुस्ती केली: दुकानाच्या मालकाने स्वतःची पेमेंट यंत्रणा लादायची नाही. १८० मतं बाजूने आली, विरोधात एकही नाही. जगभर मथळे झाले. त्यानंतर गूगल आणि अ‍ॅपलने दुसऱ्या पेमेंटला परवानगी दिली आणि त्यावर २६ टक्के कमिशन ठेवलं. म्हणजे सवलत चार टक्क्यांची. दुसऱ्या पेमेंटवाल्याचा खर्चच साधारण तेवढा येतो, त्यामुळे ते दार उघडं असूनही फारसं कोणी तिथून गेलं नाही.

युरोपीय संघाने ‘डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्ट’ केला आणि ७ मार्च २०२४ पासून तो या कंपन्यांवर बंधनकारक झाला. आयफोनवर पहिल्यांदा बाहेरची दुकानं आली: एप्रिल २०२४ मध्ये ऑल्टस्टोअर, ऑगस्टमध्ये एपिकचं. पण अ‍ॅपलने तिथे नवं शुल्क आणलं. वर्षाला १० लाख इन्स्टॉलच्या पुढे प्रत्येक इन्स्टॉलमागे अर्धा युरो. एखादं मोफत अ‍ॅप २० लाख लोकांनी घेतलं, तर वरच्या १० लाखांचे ५ लाख युरो. अ‍ॅप मोफत, कमाई शून्य आणि बिल ५ लाख युरोचं. ना-नफा संस्थांसारखे काही अपवाद ठेवले गेले आणि पुढे आणखी सवलती आल्या, पण बाकीच्यांना जुन्या अटींत राहणंच परवडणारं होतं. एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने, डेव्हलपरना बाहेरच्या सवलतींबद्दल मोकळेपणाने बोलू दिलं नाही म्हणून, अ‍ॅपलला ५० कोटी युरोंचा दंड केला.

जपानने जून २०२४ मध्ये स्मार्टफोनसाठी स्वतंत्र कायदा केला आणि १८ डिसेंबर २०२५ पासून तो पूर्णपणे लागू झाला. ब्रिटनने ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन्ही कंपन्यांना विशेष नियमांच्या कक्षेत आणलं.

सगळीकडे एकच घडलं. पूर्वी शहरात शिरताना जकात नाका असायचा. एका रस्त्यावरचा नाका उठवला की दुसऱ्या रस्त्यावर तो उभा राहायचा, आणि ट्रकवाल्याला पैसे द्यावेच लागायचे. ‘दुसऱ्या पेमेंटला परवानगी द्या’ एवढंच कायद्यात लिहिलं की कंपन्या परवानगी देतात आणि तिच्यावर आकार लावतात. अमेरिकेच्या विधेयकाचा २०२१ चा मजकूर मी याच नजरेने वाचतो आणि तिथे मला उणीव दिसते. पेमेंट लादायला त्यात मनाई आहे, पण बाहेरच्या पेमेंटवर किती आकार घेता येईल याबद्दल स्पष्ट काही नाही. दर सरकारने ठरवावा असं माझं म्हणणं नाही. पण दुकानाने जी सेवा दिलीच नाही तिचे पैसे घ्यायला मनाई, एवढी एक ओळ हवी.

भारतात काय चाललं आहे?

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पाच दिवसांच्या अंतराने गूगलविरुद्ध दोन आदेश दिले. २० तारखेला अँड्रॉइडमधल्या वर्चस्वाबद्दल १,३३७.७६ कोटी रुपये दंड, आणि २५ तारखेला प्ले स्टोअरच्या पेमेंट सक्तीबद्दल ९३६.४४ कोटी. पहिल्या प्रकरणात अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये दंड कायम ठेवला, पण आयोगाच्या काही सूचना रद्द केल्या. रद्द झालेल्यांत दुसऱ्या अ‍ॅप दुकानांना प्ले स्टोअरवर जागा द्या, ही सूचनाही होती. दुसऱ्या प्रकरणात मार्च २०२५ मध्ये दंड २१६.६९ कोटींवर आणला गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यातली अपिलं सुनावणीसाठी दाखल करून घेतली.

आदेशानंतर गूगलने भारतात दुसरं पेमेंट वापरायची मुभा दिली. कमिशनमध्ये सवलत? चार टक्के. ३० चे २६, १५ चे ११. कोरियातला आकडा तसाच इकडे आला.

हिशेब करून पाहा. गोष्टींच्या मराठी अ‍ॅपची महिना १०० रुपये वर्गणी आहे. गूगलच्या पेमेंटने १५ रुपये जातात. स्वतःचं पेमेंट लावलं तर ११ रुपये गूगलला आणि दोनेक रुपये गेटवेला, म्हणजे १३. वाचले दोन. त्या दोन रुपयांसाठी वेगळी यंत्रणा बसवायची, परताव्याच्या तक्रारी स्वतः सांभाळायच्या, महिन्याला हिशेब पाठवायचा. आणि हे अशा देशात, जिथे यूपीआयने भाजीवाल्याला दिलेल्या पैशावर जानेवारी २०२० पासून व्यापारी शुल्क शून्य आहे. पैसे इकडून तिकडे पाठवायला किती खर्च येतो हे भारताइतकं कोणाला ठाऊक नाही, म्हणून इथे १५ आणि ३० टक्क्यांचं समर्थन अधिकच लंगडं पडतं.

मार्च २०२४ मध्ये अ‍ॅप गायब झाली होती, ते काय होतं?

१ मार्च २०२४ रोजी गूगलने दहा भारतीय कंपन्यांवर शुल्क न भरल्याचा ठपका ठेवून त्यांची अ‍ॅप प्ले स्टोअरवरून काढायला सुरुवात केली. शादी डॉट कॉम, भारत मॅट्रिमोनी, नोकरी, ९९एकर्स, कुकू एफएम अशी ओळखीची नावं त्यात होती. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारीत अंतरिम संरक्षण द्यायला नकार दिल्यानंतर हे घडलं. माहिती तंत्रज्ञान मंत्री अश्विनी वैष्णव यांनी हस्तक्षेप केला, बैठका झाल्या आणि काही दिवसांत अ‍ॅप परत आली.

गूगलची बाजूही सांगतो. भारतात प्ले स्टोअर वापरणारे दोन लाखांहून अधिक डेव्हलपर आहेत आणि त्यातल्या जेमतेम तीन टक्क्यांना शुल्क द्यावं लागतं, असं कंपनीचं म्हणणं होतं. आकडा मान्य. पण डिजिटल मालावर पोट असलेला जो कोणी आहे तो त्या तीन टक्क्यांतच येतो. आणि प्रत्येक वेळी मंत्र्यांनी फोन करून अ‍ॅप परत आणायची, ही काही व्यवस्था झाली नाही. मोठ्या नावांसाठी मंत्री धावून आले. आमचं अ‍ॅप गेलं असतं तर बातमीही झाली नसती.

मग भारताचा स्वतःचा कायदा कुठे अडला?

जयंत सिन्हा अध्यक्ष असलेल्या संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०२२ मध्ये शिफारस केली की नुकसान झाल्यावर चौकशी करण्यापेक्षा आधीच नियम घाला. त्यावर नेमलेल्या समितीचा अहवाल आणि डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये आला. भारतात ४,००० कोटी रुपये उलाढाल किंवा तत्सम आर्थिक निकष, आणि जोडीला १ कोटी वापरकर्ते किंवा १०,००० व्यावसायिक वापरकर्ते असलेल्या कंपन्यांना तो लागू होणार होता. दंड जागतिक उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत.

मसुद्याला बड्या कंपन्यांनी तर विरोध केलाच, पण काही भारतीय कंपन्यांनाही आपण या कक्षेत येऊ अशी भीती वाटली. ती भीती अगदीच निराधार नाही, कारण १ कोटी वापरकर्ते ही भारतात फार मोठी संख्या नाही. २०२५ संपेपर्यंत विधेयक संसदेत मांडलं गेलं नव्हतं. माझ्या मते निकष उंच करून, फक्त अ‍ॅप दुकानांपुरता छोटा कायदा आधी करावा. जपानने साधारण तसंच केलं, कायदा स्मार्टफोनपुरता ठेवला. सगळ्या डिजिटल बाजाराला एकाच विधेयकात धरायला गेलं की विरोधक वाढतात आणि वर्षं जातात.

मुलांचं वय तपासायचा अ‍ॅप दुकानांचा कायदाही अमेरिकेत आला ना? तो हाच का?

नाही. यूटा आणि टेक्सास या राज्यांनी २०२५ मध्ये केलेले कायदे अल्पवयीन मुलांचं वय आणि पालकांची परवानगी यांबद्दल आहेत. नावातल्या ‘अ‍ॅप स्टोअर’मुळे गोंधळ होतो.

मराठीत अ‍ॅप बनवणाऱ्यांना दुसऱ्या दुकानांचा काही उपयोग आहे?

फोनपेने फेब्रुवारी २०२४ मध्ये इंडस अ‍ॅपस्टोअर सुरू केलं. ते मराठीसह १२ भारतीय भाषांत आहे, आणि त्याचं मूळ आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी मुंबईत उभ्या केलेल्या इंडस ओएस या कंपनीत आहे. बाहेरचं पेमेंट वापरणाऱ्यांकडून कमिशन न घेण्याचं धोरण त्यांनी सुरुवातीलाच जाहीर केलं. अ‍ॅपचं वर्णन मराठीत, शोध मराठीत, ही माझ्या दृष्टीने साधी सोय नाही. साताऱ्यातल्या आजीला ‘ज्ञानेश्वरी’ असं देवनागरीत शोधून हवं ते अ‍ॅप मिळालं पाहिजे.

अडचण एकच: फोन उघडल्यावर हे दुकान समोर दिसत नाही. ते मिळवायला आजीला दुसऱ्या कोणाची मदत लागते. अपील न्यायाधिकरणाने रद्द केलेली ती सूचना इथे आठवते. दुसरं दुकान पहिल्या दुकानातून घेता आलं असतं तर हा प्रश्न तिथेच सुटला असता.

अमेरिकेतलं विधेयक आता कोणत्या टप्प्यावर आहे?

जून २०२५ मध्ये ब्लॅकबर्न, ब्लूमेंथल, क्लोबुशार यांच्यासह माइक ली आणि डिक डर्बिन या सिनेटरांनी ते पुन्हा मांडलं. पुन्हा दोन्ही पक्षांचे सदस्य सोबत आहेत आणि पुन्हा त्याला समितीपासून सुरुवात करावी लागते. मागच्या वेळी ते समितीत अडलं नव्हतं. सभागृहाच्या कामकाजात त्याला मतदानाची तारीख मिळाली नव्हती. त्यामुळे या वेळी समितीतल्या मतांपेक्षा ती तारीख मिळते का, याकडे लक्ष ठेवा.